आक्काताईंच्या पत्रातल्या चार चुका

"या पत्रात चार चुका घाला," चौगुले म्हणाले आणि त्यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

मी हसलो. चौगुले विक्रीचं काम बघत, आणि विक्रीची माणसं अधूनमधून थट्टा करतात, एवढं मला कारखान्यातल्या सहा वर्षांत कळलं होतं. पण ते हसले नाहीत.

"पाच नकोत. पाच डोळ्यांवर येतील. चार."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. मी ती कुणाला फारशी सांगितलेली नाही, आणि आताही नीट सांगता येईल की नाही याची शंकाच आहे. त्या पत्रावर एका बाईचं शिक्षिकेचं काम अडकणार होतं, हे त्या सकाळी आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर चौगुल्यांनी ते सांगितलं नसतं, असं मला वाटतं. मी ऐकलं नसतं का, हे मात्र मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

कारखाना मगदूम आप्पांचा, कोल्हापुरात. तिथे शेवयांची यंत्रं होत. बाजेच्या माच्याला आवळून बसवायचं, वरून मळलेलं पीठ घालायचं, दांडा फिरवायचा, की खालच्या जाळीतून शेवया उतरायच्या. होळीच्या आधी महिनाभर मागणी इतकी असे की ओतकामाची भट्टी विझत नसे. यंत्रं घेणाऱ्या बहुतेक खेड्यातल्या बायका. स्वतःच्या घरच्या शेवया झाल्या की गावातल्या इतरांच्या करून देत, आणि त्यावर त्यांचा उन्हाळा निघे.

मी त्याआधी एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. शाळेत शिकवायचं मनात होतं, पण चाळीस पोरांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटे. आप्पांनी मला पत्रव्यवहारासाठी घेतलं. गिऱ्हाइकांची पत्रं येत, आणि प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, असा आप्पांचा दंडक होता. उत्तर गेलं की पत्र त्यांच्या खोलीतल्या तारेला ओवलं जाई. दर माघात त्यातली चाळीसएक निवडून, लिहिणाऱ्यांना तसं कळवून, आम्ही 'ग्राहकांचे बोल' नावाचं पुस्तक छापत असू. ते आठवड्याच्या बाजारांत फुकट वाटलं जाई.

आदल्या वर्षापर्यंत मी ती पत्रं शुद्ध करून छापायला देत असे. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाहुण्यांसमोर येणाऱ्या माणसाची टोपी सरळ करावी, तसं ते मला वाटे. पण ऱ्हस्व-दीर्घ नीट करता करता शब्द नीट होत, आणि शब्द नीट करता करता वाक्यं. आदल्या वर्षी वडगावच्या बाजारात एक बाई पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत होती. बायका गोळा झाल्या होत्या. सहावं पत्र झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे सगळं एकाच बाप्यानं लिवलंय." बायका हसत पांगल्या. पुढच्या तीन बाजारांत हेच घडलं. एका प्रतिस्पर्ध्यानं मग गावोगाव सांगायला सुरुवात केली, की मगदुमांची पत्रं खोटी आहेत.

आप्पांना ते फार लागलं. पत्रं खरी होती, तारेला लटकत होती. त्या माघात त्यांनी मला बोलावून सांगितलं, की हुपरीकर, यंदा जशी आली तशी छापा, काना-मात्रेलासुद्धा हात लावू नका. मी मान डोलावली. तो एकटा बाप्या मीच होतो. मला मान वर करवत नव्हती.

आणि मग हे पत्र निघालं. तळेवाडीच्या आक्काताई गुरव यांचं. चाळीस पत्रांत हे एकच असं, की ज्यात एकही चूक नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

"सांगा, कोण खरं मानेल?" चौगुले म्हणाले. "तळेवाडीची गुरवीण असं लिहिते? मोडी काय, बाळबोध काय, त्या गावात पाटलालासुद्धा सही करताना घाम फुटतो. एकोणचाळीस पत्रं मातीतली, आणि मधेच हे इस्त्रीचं. लोक म्हणतील, तो बाप्या परत आला."

मी म्हणालो, की हे पत्र वगळू या. ते म्हणाले, की सगळ्यात चांगलं पत्र तेच आहे. ते खरं होतं. मला त्यातलं अजून आठवतं: 'पहिल्या वर्षी तीन बायका आल्या. यंदा अंगणात बाजा पुरल्या नाहीत, म्हणून शेवया भैरोबाच्या देवळाच्या ओवरीत वाळत घातल्या. देवाने आठ दिवस शेवयांचा वास घेतला, पण काही बोलला नाही.'

आम्ही आप्पांकडे गेलो. आप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. हुपरीकर, तुम्ही बघा."

तुम्ही बघा, असं कुणी म्हटलं, की मी दुसऱ्याचं ऐकतो. हा माझा जन्मभराचा दोष आहे.

चूक करायला बसलो आणि लक्षात आलं, की ते सोपं नाही. मी पहिली चूक केली ती फारच खोटी दिसली. आपण वेडावून दाखवतो तशी. मग मी उरलेली एकोणचाळीस पत्रं समोर घेतली आणि लोक चुकतात कसे ते पाहायला लागलो. आयुष्यभर मी चुका खोडल्या होत्या, त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. कुणी जसं बोलतं तसं लिहीत होतं. कुणी घाईत शेवटचं अक्षर गिळत होतं. एक बाई अवघड शब्द आला की तो मोठ्या अक्षरात लिहीत होती, जणू त्याला दरडावत होती. प्रत्येक चुकीला काही कारण होतं, आणि ते शोधण्यात मला इतकं नवल वाटत राहिलं, की चहा आला तो गार झाला. संध्याकाळपर्यंत माझ्या चार चुका तयार झाल्या. अगदी हुबेहूब. मी खूश होतो, हेही सांगायला हवं.

पुस्तक माझ्या जुन्याच छापखान्यात छापलं जाई; तिथे दत्तोबा खिळे जुळवत असे. त्याच्याबरोबर मी अकरा वर्षं काम केलं होतं. पहिलं मुद्रित आलं, तेव्हा आक्काताईंच्या पत्रातल्या चारही चुका गायब. त्याचा हात आपोआपच शुद्ध चालत होता. मीच त्याला तसं वळण लावलं होतं. मी लाल शाईनं चुका परत घातल्या. तो मुद्रित घेऊन स्वतः आला. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं.

"अण्णा, घरी सगळं बरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

मी बरं आहे म्हणालो. तो मुद्रित घेऊन परत गेला.

तीन हजार पुस्तकं बांधून आली. चौगुल्यांनी गठ्ठे जीपमध्ये घातले आणि बाजारांच्या वाटेला लागले. त्यानंतर चौथ्या दिवशी आक्काताईंचं कार्ड आलं. मी ते नेहमीसारखं उघडलेल्या टपालातून उचललं आणि उभ्याउभ्याच वाचलं.

त्यांनी लिहिलं होतं, की गावात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघणार आहे. येत्या रविवारी साहेब येऊन शिकवणारी बाई नेमणार आहेत. सरपंचांची सून सातवी पास आहे. 'माझ्याकडे शाळेचा कागद नाही. दोन वर्षे शेजारच्या गावच्या वर्गाला चालत जाऊन शिकले. साहेबांना म्हटले, माझे पत्र पुस्तकात छापून येणार आहे, तेच माझे सर्टिफिकेट समजा. साहेब म्हणाले, बरे, छापलेले दाखवा. तरी कृपा करून रविवारच्या आत दोन पुस्तके पाठवावीत.'

मी खाली बसलो. शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईच्या पत्रात मी चुका घातल्या होत्या, आणि मन लावून घातल्या होत्या.

चौगुल्यांना बाजारातून आल्यावर गाठलं. त्यांनी कार्ड वाचलं. मग म्हणाले, की मजकूर चांगला आहे, साहेब मजकूर बघेल, काना-वेलांटी कोण मोजतंय. "आणि बघितलंच तर बाई सांगेल, छापखान्याची चूक. छापखान्याला शिव्या द्यायची सोयच असते." आप्पा म्हणाले, की टपालाचा भरवसा नाही, तुम्ही स्वतः जाऊन पुस्तकं द्या. चुका खरंच घातल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, एवढंच.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी तळेवाडीला गेलो. पिशवीत पाच पुस्तकं होती, आणि तारेवरून काढलेलं आक्काताईंचं मूळ पत्र. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. 'बाई, एक सांगायचं आहे' इथून सुरुवात करायची, की 'माझ्या हातून एक झालंय' इथून. दोन्ही वाईट वाटत होती.

त्यांचं घर देवळाला लागूनच होतं. चाळिशीच्या, सावळ्या, उंच बाई. डोक्यावरचा पदर सारखा मागे ढकलायची सवय. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पदर मागे ढकलला. मग मोठ्यानं आत सांगितलं, की मशीनवाले गुरुजी आलेत, चहा टाका. मी गुरुजी नाही असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "तीन वर्सं माझ्या पत्रांस्नी उत्तरं कोन लिवतंय? तुमीच न्हवं? तुमच्या अक्षराकडं बघून मी वळण गिरवलंय. मग गुरुजी न्हाई तर कोन?"

मी पिशवीत हात घातला आणि पुस्तकं काढून दिली.

मला वाटलं होतं, त्या लगेच उघडतील. पानं शोधतील, नाव पाहतील, आणि मग मला बोलावंच लागेल. पण त्यांनी पुस्तकं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, आणि तशीच न उघडता बाजूला ठेवली. मी उघडा म्हणालो. त्या म्हणाल्या, की आमच्या घरात नवीन वस्तू आधी भैरोबासमोर जाते, मग आमच्या हातात. भाताची पहिली लोंबी असो की नवं लुगडं. शेवयांचं यंत्रसुद्धा तीन दिवस देवासमोर होतं. "सबा देवळातच हाय. सायबासमोरच उगडनार. तवर देव वाचंल."

चहा आला. मी बशीत ओतला. त्या आपल्या शिकण्याबद्दल सांगत होत्या. शेजारच्या गावाला जाताना ओढा लागे, पावसात तो भरला की पाटी डोक्यावर धरून उतरावं लागे. सासू म्हणे, की देवाच्या आरत्या पाठ आहेत, आणखी काय वाचायचंय. त्या बोलत होत्या आणि माझ्या तोंडात 'बाई, एक सांगायचं आहे' हे तयार होतं. चहा संपला. त्यांनी पुस्तकं उचलली आणि गाभाऱ्यात नेली. मी ओवरीत बसून राहिलो. मला बोलायला पाऊण तास मिळाला होता.

अकराच्या सुमाराला प्रौढ शिक्षणाचे पर्यवेक्षक साळोखे सायकलवरून आले. सभामंडपात सतरंजी होती. एका बाजूला सरपंच आणि दहा-बारा पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. सरपंचांची सून विमल पुढे बसली होती, मांडीवर सातवीचा दाखला घेऊन. मी सगळ्यात मागे, खांबाच्या आड.

साळोख्यांनी दाखला पाहिला, परत दिला. मग आक्काताई गाभाऱ्यातून पुस्तक घेऊन आल्या. मुखपृष्ठावर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. त्यांनी ते साहेबांच्या हातात दिलं. साळोख्यांनी पान शोधलं आणि पत्र वाचून दाखवलं. देवाच्या नाकात शेवयांचा वास गेल्याचं आलं तेव्हा सगळे हसले, सरपंचसुद्धा. मला वाटलं, निभावलं. मोठ्यानं वाचल्यावर माझ्या चुका ऐकू येत नव्हत्या.

पण साळोख्यांनी पान मिटलं नाही. ते पुन्हा, मनातल्या मनात वाचू लागले. त्यांचा अंगठा एका ओळीवर थांबला, मग दुसऱ्या.

"बाई, मजकूर फार गोड आहे," ते हळूच म्हणाले. "पण शिकवणाऱ्यानं शुद्ध लिहावं लागतं. इथे बऱ्याच चुका आहेत."

आक्काताई पुढे झाल्या. पुस्तक घेतलं आणि आपलं पत्र वाचलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. फक्त पाठ दिसत होती, आणि पदर मागे ढकलायला वर गेलेला हात, जो अर्ध्यातच थांबला.

"हे माजं न्हवं," त्या म्हणाल्या.

"नाव तर तुजंच छापलंय की," सरपंच म्हणाले. ते काही दुष्टपणे म्हणाले नाहीत. "छापलेलं खोटं कसं असंल, आक्काताई? लिवताना हुतंय की वो. त्यात लाजायचं काय?"

कुणीतरी मागून म्हणालं, की शेवया सरळ येतात, अक्षरंच वाकडी येतात. बायकांतसुद्धा हसू फुटलं. आक्काताईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या छापलेल्या पानाकडे पाहत होत्या.

मी उभा राहिलो. कसा, ते मला आजही कळलेलं नाही. खांबाला धरून उभा होतो, हे आठवतं. साळोख्यांनी मान वर केली तेव्हा मी म्हणालो, "त्या चुका माझ्या आहेत."

मग सगळं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. वडगावचा बाजार, एका बाप्यानं लिहिलेली पत्रं, चौगुले, चार चुका. संपलं तेव्हा बाहेर एक कावळा सायकलच्या कॅरिअरवर चोच मारत होता. मग सरपंच हसायला लागले. "म्हंजे चुका काडायला मानूस ठेवत्यात हे ठावं हुतं. घालायला बी ठेवत्यात?"

मी पिशवीतून मूळ पत्र काढून साळोख्यांना दिलं. त्यांनी दोन्ही शेजारीशेजारी धरली. ते माणूस चांगले होते, पण त्यांना वर कागद पाठवायचा होता.

"हुपरीकर, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही पैसे घेऊन चुका घालता असं तुम्हीच सांगता. मग हे शुद्ध पत्र तरी बाईंनीच लिहिलं कशावरून? तेही तुम्हीच आणलंय."

मी सांगितलेल्या खऱ्याची किंमत आदल्याच महिन्यात मी स्वतः उतरवून ठेवली होती. आणि आता माझ्या बोलण्यानं आक्काताईंचं उरलंसुरलं पत्रसुद्धा संशयात आलं होतं.

"पेन्सिल द्या," आक्काताई म्हणाल्या.

साळोख्यांनी खिशातली पेन्सिल दिली. मूळ पत्र ते पुढे करत होते, पण आक्काताईंनी ते घेतलं नाही. फक्त पुस्तक घेऊन त्या खाली बसल्या, ते गुडघ्यावर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवत वाचायला लागल्या. मधेच कुणीतरी खोकलं, तर बायकांनीच त्याला गप्प केलं. एक खूण झाली. दुसरी. माझी तिसरी चूक सगळ्यात लबाड होती; ती मी मुद्दाम ओळीच्या शेवटी, जोडाक्षरात लपवली होती. त्यांचं बोट तिच्यावरून पुढे गेलं, थांबलं, आणि मागे आलं. तिसरी खूण. मग चौथी. मी श्वास सोडला.

त्यांनी पान उलटलं आणि आणखी एक खूण केली.

"पाच," साळोखे म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चार म्हणालात."

"चारच," मी म्हणालो.

"बघा," सरपंच म्हणाले, "घाबरून चांगल्याला बी खूण केली."

साळोख्यांनी दोन्ही कागद पुन्हा जवळ धरले. बराच वेळ धरले. मग मूळ पत्र माझ्यासमोर आणून त्यांनी एका शब्दाखाली नख टेकवलं. चूक तिथेही होती. तीच, त्याच जागी. मी ते पत्र पंधरा वेळा तरी वाचलं असेल. दत्तोबानं वाचलं होतं. एकही चूक नाही, असं मी स्वतःशी म्हणत आलो होतो.

"ती माजी," आक्काताई म्हणाल्या. "लिवताना कळली न्हवती. आत्ता कळली."

"मग यातल्या कुठल्या दुरुस्त करायच्या?" साळोख्यांनी विचारलं.

"त्या चार काडा. ही ऱ्हाऊ द्या. माजी हाय."

साळोख्यांनी नोंदवही उघडली. आधी विमलकडे पाहिलं. ती म्हणाली, की मला दुपारी रानात भाकरी न्यावी लागते, मामांनी सांगितलं म्हणून मी आले. सरपंचांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग साळोखे आक्काताईंना म्हणाले, "पूर्ण नाव सांगा." आणि लगेच, "नको. तुम्हीच लिहा," म्हणत त्यांनी वही त्यांच्याकडे सरकवली.

परत निघालो तेव्हा आक्काताई फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मला वाटलं होतं, त्या खूश असतील. त्या खूश नव्हत्या.

"सकाळी च्या पिताना बोलला का न्हाईसा?" त्यांनी विचारलं.

"भ्यालो."

"कुनाला?"

"तुम्हाला."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही पटलं म्हणून, ते कळलं नाही. एस.टी. लांबून दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, की अशी किती पुस्तकं छापली. मी तीन हजार म्हणालो. त्या थांबल्या.

"म्हंजे आख्ख्या मुलखात मी तशीच फिरायलीया."

गाडी आली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर त्या वळून चालायला लागल्या होत्या.

सोमवारी मी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा चौगुल्यांवर रागावले, माझ्यावर रागावले, आणि शेवटी स्वतःवर. गोदामात साताठशे पुस्तकं उरली होती. मी त्यातली प्रत्येक उघडून त्या चार चुका काळ्या शाईनं दुरुस्त केल्या. पाचवी ठेवली. बाकीची परत आणणं शक्य नव्हतं. ती बाजारात गेलेली पुस्तकं पुढे कित्येक महिने माझ्या मनात चालत राहिली.

त्या वर्षी यंत्रं किती खपली, हे चौगुले मला सांगत होते. मी ऐकत नव्हतो.

श्रावणात आक्काताईंचं पाकीट आलं. कारखान्याच्या पत्त्यावर, पण वर माझं नाव. आत त्यांनी लिहिलं होतं, की वर्गाला अकरा बायका येतात. सरकारी पाठ्यपुस्तक अजून आलेलं नाही. म्हणून 'ग्राहकांचे बोल' वाचायला घेतलं. बायकांना ते आवडलं, कारण त्यात त्यांच्यासारख्याच बायका बोलतात. पुस्तकातल्या कासारवाडीच्या बाईची सासू त्यांना आपल्याच गावातली वाटते. वर्गात त्यांनी सगळ्या पत्रांतल्या चुका शोधल्या आणि त्यांवरून दोनदा भांडणंही झाली. 'पुस्तक वाचून संपले. आता दुसरे काही पाठवावे.' माझ्याबद्दल, झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नव्हतं.

एक रविवार मी घरच्या कपाटासमोर घालवला. चांगली पुस्तकं माझ्याकडे बरीच होती. एक काढलं, ठेवलं. दुसरं काढलं. कुठल्याच पुस्तकातल्या बायका त्या अकरा जणींशी बोलतील, असं मला वाटेना. किंवा मलाच निवड करण्याची भीती वाटत होती, तेही असेल. शेवटी मी वाट पाहायची ठरवली. माघात नव्या वर्षाच्या पत्रांची मुद्रितं आली. जशी आली तशी जुळवलेली, न तपासलेली. मी त्यांचा एक संच तळेवाडीला पाठवून दिला. वाचायला, म्हणून. चौगुल्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, की हुपरीकर, आता शेवयांच्या बायका तुमची नोकरी घेणार.

दहाव्या दिवशी पुडकं परत आलं.

मी ते टेबलावर पसरलं. प्रत्येक पानावर चुका शोधलेल्या होत्या. पेन्सिलीनं, खाली बारीक रेघ मारून. कुठली रेघ सरळ, कुठली थरथरलेली. एकही चूक त्यांनी दुरुस्त केली नव्हती. त्याऐवजी प्रत्येक रेघेसमोर, समासात, तेच दोन शब्द लिहिलेले होते. अकरा वेगवेगळ्या हातांनी. काही अक्षरं अजून नीट बसलेली नव्हती, काही रेषेच्या वर गेली होती. मी पहिलं पान वाचलं, मग दुसरं, मग सगळी. चाळीस पत्रं, आणि समास भरून तेवढंच:

'बाईला विचारा.'

मी चष्मा काढून ठेवला. मग चपला घालून पोस्टात गेलो आणि उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली चाळीस जोडकार्डं मागितली, पत्र लिहिणाऱ्या प्रत्येक बाईसाठी एक.